परदेशची पाखरे आणि आमचे मागणीपत्रक



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. वडील संपात होते. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि फोर्टातल्या पदपथावरच्या जुन्या पुस्तकांतून. त्याच पदपथावर एकदा सलीम अलींचे हिंदी पक्ष्यांवरचे इंग्रजी पुस्तक मिळाले, पुठ्ठा फाटलेले. अर्धे कळले नाही, पण चित्रे कळली. शिवडीला एका गेटसभेसाठी पहाटे जाऊन उभे राहावे लागे आणि पहिली पाळी सुटेपर्यंत करायला काही नसे. समोरच्या चिखलात हजारो रोहित पक्षी उभे असत. तिथून हे वेड लागले.

आज बोलायचे आहे ते २०२४ च्या जुलैत आम्ही चौघांनी विलायतेत मोटारीने जो दौरा केला त्याविषयी. आणि खरे म्हणजे दौऱ्यापेक्षा त्याच्या आखणीविषयी अधिक. पाखरे पाहायला परदेशी जाणारे लोक पुष्कळ आहेत. त्यांच्या वह्यांत पक्ष्यांची यादी असते आणि बाकी सगळे त्या यादीमागे धावते. आमच्याबरोबर जी माणसे होती त्यांना पाखरांखेरीज इतर आवडी होत्या, आणि आम्हालाही होत्या. ह्या साऱ्यांची सांगड कशी घालावी हा प्रश्न होता. तो आम्हाला सुरुवातीला अगदी सोपा वाटला होता.

आधी चौघे कोण ते सांगतो. एक आम्ही. दुसरी आमची मंडळी. त्या आमच्या वस्तीत बायकांचा बचतगट आणि धान्याचे सहकारी दुकान चालवतात, आणि हिशेबात आमच्यापेक्षा कडक आहेत. तिसरा आमचा भाचा, लीड्सच्या इस्पितळात परिचारक आहे; मोटार त्याने चालवली. चौथे आमचे ज्येष्ठ स्नेही. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय एकाहत्तर. परळच्या एका गिरणीत साळखात्यात बदली कामगार म्हणून लागले, पुढे कायम झाले. साच्यांच्या खडखडाटाने कान गेले, छातीत कापूस बसला. त्यांची एकच इच्छा होती. ज्या लँकेशायरचे नाव साच्यांच्या लोखंडावर ओतलेले त्यांनी रोज पाहिले, ते लँकेशायर एकदा डोळ्यांनी पाहायचे.

युनियनवाल्याला दुसरी रीत ठाऊक नसते. आम्ही प्रत्येकाला मागणीपत्रक द्यायला सांगितले. नानांची मागणी एका ओळीची: चालता साचा पाहणे. मंडळींची मागणी रॉचडेलची; तिथे १८४४ साली अठ्ठावीस सभासदांनी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढ्या मालावर सहकारी दुकान उघडले होते. भाच्याला ओल्ड ट्रॅफर्डचे क्रिकेटचे मैदान हवे होते. तो विषय तिथेच संपवतो. आमचे मागणीपत्रक चार पानांचे झाले. त्यात त्रेसष्ट पक्षी होते, आणि शिवाय कामगार चळवळीची नऊ ठिकाणे. मंडळींनी ते वाचले आणि विचारले, "ह्यात आम्ही कुठे बसायचं? डिकीत?"

मग वाटाघाटी झाल्या. दक्षिणेकडचे टॉलपडल गाव, जिथल्या सहा शेतमजुरांना १८३४ साली संघटना बांधल्याबद्दल ऑस्ट्रेलियात हद्दपार केले, ते नकाशावर फार लांब पडले, गाळले. स्कॉटलंडातले न्यू लॅनार्क, रॉबर्ट ओवेनची गिरणी आणि शेजारच्या धबधब्याजवळ घरटी करणारे बहिरी ससाणे, तेही गाळले. हे गाळताना आम्हाला पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखे झाले. पण आखणीचा जो एक नियम आम्हाला सापडला तो सांगतो. ज्याची तारीख आपल्या हातात नाही ते आधी मांडावे. डरहॅमच्या खाणकामगारांचा मेळावा जुलैच्या दुसऱ्या शनिवारी भरतो. त्या वर्षी तो तेरा तारखेला होता. ती खुंटी पक्की. समुद्रकड्यांवरचे पफिन जुलै संपायच्या आत समुद्रावर निघून जातात. ती दुसरी खुंटी. वस्तुसंग्रहालये कुठे जात नाहीत. ती मधल्या फटींत बसवावीत, फक्त कोणत्या वारी बंद असतात ते पाहून घ्यावे.

बाकी व्यवहाराचे थोडक्यात. गाड्या तिथे आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, आणि आपला परवाना पाहुण्याला वर्षभर चालतो. अंतरे मैलांत. जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणून माणूस स्वतःला थकवून घेतो. पावसाळी कोट घ्यावा. दुर्बीण आठपटीची पुरे. त्याहून मोठी घेतली तर हाताच्या कंपाने पाखरू नाचते.

मँचेस्टरला उतरलो तेव्हा त्या देशात निवडणूक होती, जुलैची चार तारीख. आम्हाला मतदानकेंद्राबाहेर तासभर उभे राहायचे होते. मागणीपत्रकात नव्हते म्हणून परवानगी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टायल गावची क्वारी बँक गिरणी. सॅम्युएल ग्रेगने ती १७८४ साली उभारली. शेजारी उमेदवार मुलांचे घर आहे. अनाथालयांतून आणलेली मुले तिथे राहत आणि गिरणीत राबत. आता ते सारे एका राष्ट्रीय न्यासाकडे आहे, आणि पाहुण्यांना साचे चालवून दाखवतात. तिथे एक वयस्क बाई होत्या, पूर्वी स्वतः विणकर असलेल्या. त्यांनी पट्टा सोडला, साचा सुरू झाला, आणि नाना दारातच थांबले. मग हळूच पुढे गेले, कानामागे हात नेला, आणि बाईंकडे पाहून दोन बोटांनी धोट्याची खूण केली व मान हलवली: धोटा नीट बसत नाही. बाईंनी साचा बंद केला, हात घालून पाहिले आणि हसल्या. पुढे वीस मिनिटे ती दोन माणसे ओठांनी आणि हातांनी बोलत होती. लँकेशायरच्या विणकर बायका खडखडाटात ओठ वाचून बोलत आणि त्या बोलीला त्यांचे एक नावही आहे, मी-मॉ. आपल्या गिरण्यांतही हातवाऱ्यांची भाषा होतीच. दुभाष्या म्हणून आम्ही पुढे झालो तर दोघांनीही आम्हाला हाताने बाजूला केले. बाहेर नदीकाठी करडा धोबी शेपूट हलवत होता. तो आम्ही वहीत टिपला आणि त्या दिवसाचे काम झाले असे समजलो. हे मुद्दाम सांगतो, कारण आमचे डोके त्या वेळी कुठे होते ते आपल्याला कळावे.

मँचेस्टरला डिड्सबरी म्हणून एक भाग आहे. तिथे १८८९ साली एमिली विल्यमसन ह्या बाईंनी आपल्या घरी मैत्रिणींना बोलावून एक संघटना काढली. त्या काळी युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसांचे तुरे असत आणि त्यासाठी बगळ्यांसारख्या पक्ष्यांची विणीच्या काळातच कत्तल होई. सभासदांनी अशी पिसे घालायची नाहीत एवढाच मुख्य नियम. पक्षिविद्येच्या विद्वान मंडळांत तेव्हा बायकांना शिरकाव नव्हता. म्हणून त्यांनी वेगळी चूल मांडली. तिला १९०४ साली राजाची सनद मिळाली. आज ती त्या देशातली पक्षिरक्षणाची सर्वांत मोठी संस्था आहे. हिंदुस्थानातून होणारी पिसांची निर्यात १९०२ साली बंद झाली. विलायतेत पिसांच्या आयातीस बंदी घालणारा कायदा व्हायला १९२१ उजाडले. बत्तीस वर्षे! चिकाटी म्हणजे काय हे ज्यांना आमच्या धंद्यात शिकायचे आहे त्यांनी त्या बागेत जाऊन बसावे. घर अजून आहे, सभोवती सार्वजनिक उद्यान आहे.

सॅलफर्डला कामगार चळवळीचे एक ग्रंथालय आहे. एडमंड आणि रूथ फ्रो ह्या जोडप्याने ते जमवले. तो कारखान्यातला हत्यारे करणारा कारागीर, ती शिक्षिका. सुट्टी आली की जुनी मोटारव्हॅन काढायची आणि गावोगावच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून चोपड्या, पत्रके, अहवाल गोळा करायचे. घर इतके भरले की शेवटी १९८७ साली सॅलफर्डच्या नगरपालिकेने जागा दिली. त्या खोल्यांत फिरताना आम्हाला थोडी असूया वाटली. दौरा आखावा तर असा. दोघांना एकच वेड.

रॉचडेलला मंडळींनी मूळ दुकानाचा तराजू पाहिला आणि बाजूचे हिशेबाचे पान इतका वेळ वाचले की भाचा बाहेर जाऊन झोपला.

आता रविवार, सात जुलै. हा दिवस आम्हाला टाळता आला असता तर बरे झाले असते.

किंडर स्काउट हे मँचेस्टरच्या पूर्वेचे पठार, ६३६ मीटर उंच, वर सारे दलदलीचे आणि हेदरच्या झुडपांचे रान. पूर्वी ते सरदार-जमीनदारांच्या ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. गिरण्यांतल्या पोरांना रविवारी मोकळी हवा हवी, पण वर पाऊल टाकायला बंदी, रखवालदार दांडकी घेऊन उभे. १९३२ च्या २४ एप्रिलला, रविवारीच, बेनी रॉथमन नावाच्या वीस वर्षांच्या पोराच्या पुढारीपणाखाली काही शे तरुण कामगार बंदी मोडून वर चढले. झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ चा राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, १९५१ साली हाच मुलूख पहिले राष्ट्रीय उद्यान झाला, आणि किंडर १९८२ साली राष्ट्रीय न्यासाने घेतले. तारखा वाचताना १९८२ शी आमचे बोट थांबले.

आम्हाला सहकारी नेहमी विचारतात, पाखरे पाहणे हा पोट भरलेल्यांचा छंद नव्हे काय? ह्या प्रश्नावर आमचे उत्तर ठरलेले: किंडर. म्हणून त्या डोंगराशी आमचे जुने देणे होते. शिवाय वर सोनचिखल्या असतात, ग्राउज असतो, कोरल असतो. दुपारी बाराच्या आत माथा गाठायचा असे वहीत लिहिले होते. हेफील्डहून निघालो. ज्या खाणीत १९३२ ची सभा झाली तिथल्या फलकाला नमस्कार करून घळीतून चढू लागलो. आम्ही पुढे. एक तांबूस ग्राउज हेदरातून फडफडत उठला आणि ओरडला. इंग्रज म्हणतात की तो "गो बॅक, गो बॅक" असे ओरडतो, आणि खरेच तसे ऐकू येते. आपल्याकडे १९२८ साली सायमनला हेच सांगितले होते, असा विनोद करायला आम्ही मागे वळलो, तर मागे कोणीच नव्हते.

शंभर पावले खाली नाना दगडावर बसले होते. मंडळींनी त्यांची गुंडी सोडली होती. ओठ निळसर झाले होते. त्यांना ऐकू येत नाही आणि भीड जात नाही. "दमलो" असे ते कोणाला म्हणणार नाहीत. आम्ही मात्र त्यांच्या छातीत काय आहे ते जाणत होतो, नव्हे, त्याच छातीच्या दाखल्यासाठी आम्ही त्यांच्याबरोबर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. फवारा दिला, अर्ध्या तासाने श्वास ताळ्यावर आला. खाली उतरलो. आणि सांगायला लाज वाटते, उतरताना आम्ही कोणाशी बोललो नाही. नानांवर राग नव्हता. कार्यक्रम मोडल्याचा होता. पण समोरच्याला तो फरक दिसत नाही.

रात्री खाणावळीत मंडळी एवढेच म्हणाल्या, "गेटवर उभे राहून सांगता, मालक माणसाला साच्याच्या वेगानं पळवतो. आज कोणाच्या वेगानं चाललो होतो?"

त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही वही नानांपुढे ठेवली आणि पेन्सिल दिली. त्यांनी बराच वेळ नकाशा पाहिला आणि दोन ठिकाणे खोडली, दोन्ही डोंगराची. लेटन मॉसपुढे मात्र एकाचे दोन दिवस केले. का, म्हणून खुणेने विचारले, तर म्हणाले, "इथं बसायला बाकडी आहेत असं लिहिलंय."

लेटन मॉस हे वायव्य इंग्लंडातले सर्वांत मोठे वेताळ रान. मजेची गोष्ट अशी की ते पूर्वी शेत होते. पाणी वाफेच्या पंपाने उपसून जमीन कोरडी ठेवीत. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, पंप थांबला, पाणी परत आले आणि त्यावर वेत माजला. खाणीतला कोळसा आणि तळ्यातला बगळा ह्यांचा असा संबंध आम्हाला कोणत्या पुस्तकात शोधून सापडला नसता. तिथे लाकडी लपणे आहेत. आत बाकावर बसून फटीतून पाहायचे. पहिल्याच सकाळी दलदली भोवत्या वेतावरून तरंगत गेला. हा जातीने आपल्या ओळखीचा, हिवाळ्यात आपल्या तळ्यांवरही येतो. आम्ही वहीत त्याची वेळ लिहीत होतो. तेवढ्यात नानांनी आमच्या दंडाला धरले. आम्ही ओळ पुरी करून वर पाहिले. वेत हलत होता, बाकी काही नाही.

नानांनी बिटर्न पाहिला होता. बिटर्न म्हणजे वेताच्याच रंगाचा, चोच आभाळाकडे करून उभा राहिला तर दिसेनासा होणारा बगळा. आमच्या त्रेसष्टांच्या यादीत पहिल्या क्रमांकाला होता. नानांना पक्ष्याचे नाव ठाऊक नव्हते. त्यांनी मान लांब करून, हनुवटी वर करून तो उभा करून दाखवला, इतका हुबेहूब की लपणातले दोन इंग्रज वळून पाहू लागले. कसा दिसला, विचारले. म्हणाले, "सगळा वेत एका बाजूला हलतो, एक काडी उलटी हलली. चार साच्यांवर एक तुटलेला धागा बघायची सवय." आम्ही दोन दिवस तिथे बसलो. बिटर्न परत आला नाही. आता दुसऱ्याने पाहिलेला पक्षी आपल्या यादीत घालावा काय? पक्षी पाहणाऱ्यांचा दंडक म्हणतो, नाही. भाचा म्हणाला, मोटार एक, मुक्काम एक, यादीही एक. हा वाद अजून मिटलेला नाही.

पुढे न्यूकॅसल. टाइन नदीवरचा १९२८ चा पोलादी पूल. आम्ही गेलो तेव्हा दुरुस्ती चालू होती. ह्या पुलाच्या कठड्यांवर आणि काठच्या जुन्या इमारतींवर किटिवेक नावाचे समुद्री कुरव घरटी करतात. समुद्रापासून इतक्या आत त्यांची वसाहत जगात दुसरीकडे नाही. खाली रहदारी, वर शेकडो पिल्ले, आणि कमानीखाली त्यांचा आवाज असा घुमतो की बोललेले ऐकू येऊ नये. नाना पुलाखाली उभे राहिले आणि वर बोट करून म्हणाले, "हे येतंय ऐकू." त्यांनी ऐकलेले ह्या दौऱ्यातले ते पहिले पाखरू. तिथून हलायला तयार नव्हते. जवळच्याच जॅरोहून १९३६ साली दोनशे बेकार कामगार लंडनपर्यंत पायी गेले होते. ते गाव पाहायचे आमच्या वाट्याला आले नाही, कारण दुपार पुलाखाली गेली.

फार्न बेटांवर होडीने जावे लागते. २०२२ साली पक्ष्यांत रोगाची साथ आली आणि तिथे उतरणे बंद झाले. २०२४ साली वाट पुन्हा उघडली. उत्तरेकडले सुरय तिथे वाटेच्या कडेलाच अंडी घालतात आणि येणाऱ्याच्या डोक्यात चोच मारतात. ह्याच बेटावरच्या एका सुरयाने २०१५-१६ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे जाऊन परत येईतो सुमारे ९६,००० किलोमीटर उड्डाण केल्याची नोंद आहे. आमच्या मंडळींच्या टोपीवर बसलेला तोच असावा असे त्या समजतात. पफिन डझनांनी होते, चोचीत चांदीच्या सुयांसारखे मासे आडवे धरलेले.

तेरा तारखेला डरहॅम. १८७१ पासूनचा हा मेळावा. एकेका गावाची पितळी वाद्ये, मागे रेशमी निशाण, निशाणामागे म्हातारी माणसे, नातवंडे खांद्यावर. आणि लक्षात घ्या, त्या कोळसापट्ट्यातली शेवटची खाण १९९३ साली बंद झाली. १९८४-८५ चा वर्षभराचा संप हरला. खाण नाही, पगार नाही, सभासदत्वाची वर्गणी द्यायला काम नाही. तरी निशाण आहे. काही निशाणांवर काळे क्रेप बांधलेले होते. भाच्याने विचारून घेतले, ज्या गावात माणूस दगावले त्याची ती खूण. आम्ही आयुष्यभर मोर्चे काढले, तरी घशाशी काही आले. नाना बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "आमच्या गिरणीचं निशाण कोणाकडे असेल रे?" आम्हाला ठाऊक नव्हते. वर देवळाच्या मनोऱ्याभोवती पाकोळ्या घिरट्या घालीत होत्या. किती, ते मोजले नाही.

शेवटचा मुक्काम बेम्प्टनचे कडे. शंभर मीटर उंचीचे पांढरे कडे आणि त्यांवर विणीच्या काळात सुमारे पाच लाख समुद्रपक्षी. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर गॅनेटची वसाहत इथेच. पण आम्हाला सांगायचे आहे ते दुसरेच. ह्या कड्यांवरून पूर्वी गावचे शेतमजूर दोराने खाली उतरत आणि गिलेमॉटची अंडी गोळा करीत. विकून चार पैसे मिळत, जीव दोरावर. १९५४ च्या पक्षिरक्षण कायद्याने ते काम बंद झाले. पाखरे वाचली हे उघड दिसते. समोर लाखोंनी बसली आहेत. त्या दोरकऱ्यांना पुढे कोणते काम मिळाले, हे आम्ही तिथल्या माहिती देणाऱ्या तरुणीला विचारले. तिने प्रामाणिकपणे सांगितले की असे कोणी विचारत नाही. शिवडीला पुलाचे काम चालू असता आमच्यापुढे हाच पेच होता. चिखल राखावा म्हणणारे आमचे मित्र, आणि पुलावर काम करणारे आमचे सभासद. दोन्ही सभांना आम्ही गेलो आणि दोन्हीकडे अर्धेच टाळ्यांचे धनी झालो.

कड्यावर कठड्याला टेकून नाना बसले होते. आम्ही वही काढली; त्रेसष्टांपैकी एकेचाळीस झाले होते, बिटर्न धरला तर बेचाळीस. नानांनी वही मागून घेतली, मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काही लिहिले आणि परत दिली. पुढच्या खेपेचे मागणीपत्रक होते. एक: न्यू लॅनार्कची गिरणी. दोन: तिथला ससाणा, पण बाकडे असेल तर.